स्वतःचा पहिला बीसीडी: जॅकेट घ्यावं की बॅकप्लेट-विंग?

प्रवाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझे आतापर्यंत ४२ डाइव्ह झालेत, सगळे भाड्याच्या सामानावर. मास्क, फिन आणि कॉम्प्युटर माझे, बाकी त्या दिवशी जे मिळेल ते. आजवर निभावलं, पण मागच्या डाइव्हनंतर ठरवलं की आता स्वतःचा बीसीडी (पाण्यात तोल सांभाळायला हवा भरता-सोडता येणारं जॅकेट किंवा विंग) घ्यायचाच.

झालं असं, की १४ मीटरवर इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायच्या भागाचं) बटण दाबलं आणि ते आतच अडकलं. जॅकेट फुगायला लागलं. मी खाली डोकं करून पोहत होते, तशाच अवस्थेत खांद्याची दोरी ओढत राहिले, पण हवा काही बाहेर जाईना. ८ मीटरच्या आसपास माझ्या बडीने (सोबतच्या डाइव्हरने) मला धरलं आणि इन्फ्लेटरला हवा पुरवणारी होज ओढून काढली. मला काही झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. होज काढायची हे कोर्समध्ये शिकवलं होतं आणि ऐनवेळी ते मला आठवलं नाही, हे जास्त लागलं.

शिवाय नेहमीचा त्रास आहेच. जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं, सिलिंडर पाठीवर डावी-उजवीकडे झुलतो, आणि ८ किलो शिसं लावूनही शेवटी सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) मी कधी वर जाते, कधी खाली.

मी ५ मिमी वेटसूट वापरते. सिलिंडर बहुतेक वेळा ११.१ लिटरचा अॅल्युमिनियमचा. बॅकप्लेट-विंगबद्दल (पाठीला धातूची प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी, म्हणजे विंग) खूप ऐकलंय. घ्यावं का? किती लिफ्टची (किती किलो वर उचलणारी) विंग? कृपया मार्गदर्शन करा.

ओहोटी

डोळे मिटून बॅकप्लेट घे. सात वर्षं वापरतेय. एकदा पट्टे अंगाबरोबर बसले की पाठीवर काही आहे हे विसरायला होतं. सिलिंडर हलत नाही, वर सरकत नाही, पाण्यात आडवं राहणं आपोआप जमतं. विंग २० किलोच्या पुढची घे, लिफ्ट जास्त असलेली कधीही बरी.

दीपस्तंभ

प्रवाळ, तू सुखरूप आहेस हे वाचून बरं वाटलं. शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. ऐनवेळी हात न चालणं अनेकांच्या बाबतीत पाहिलंय, त्याची लाज बाळगू नकोस. खरेदीआधी त्या प्रसंगाबद्दल दोन गोष्टी सांगतो.

एक, हवा नेहमी पिशवीतल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. तू डोकं खाली करून होतीस, म्हणजे हवा कमरेच्या बाजूला आणि तू ओढत होतीस खांद्याचा व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हपाशी हवाच नव्हती. त्या अवस्थेत मागचा खालचा डम्प (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) ओढायला हवा, नाहीतर आधी उभं व्हायला हवं.

दुसरं, होज काढणं. डाव्या हातात इन्फ्लेटर उंच धरून हवा सोडत राहायचं आणि उजव्या हाताने होजची कॉलर मागे ओढायची. वाचताना सोपं वाटतं. थंडीने बोटं आखडलेली असताना, हातमोज्यांत, ते सोपं नसतं. स्विमिंग पूलमध्ये डोळे मिटून वीस वेळा कर. नवीन बीसीडी कोणताही घेतलास तरी इन्फ्लेटर तोच असणार आहे आणि त्याच्या आतही तशीच स्प्रिंग आणि तसाच छोटा व्हॉल्व्ह असणार आहे. वाळूचा कण किंवा मीठ अडकलं की तोही अडकेल.

आता ओहोटीशी माझा मतभेद. प्लेटबद्दल नाही, लिफ्टबद्दल. "जास्त ती बरी" हे चुकीचं आहे. सविस्तर रात्री लिहितो.

कासवगती

मी पंधरा वर्षं साध्या जॅकेटवर डाइव्ह करतो आणि समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पाण्याच्या पृष्ठभागावर बोटीची वाट बघत थांबायचं असेल तर जॅकेटसारखं सुख नाही. हवा कमरेभोवती आणि बगलांखाली असते, माणूस सरळ उभा तरंगतो. शिसं खिशात जातं, हँडल ओढलं की सुटतं. वर सरकणं हा बहुतेक वेळा चुकीच्या मापाचा दोष असतो. भाड्याचं जॅकेट मापात मिळणं मुळातच कठीण. मापाचं जॅकेट घालून एक डाइव्ह करून बघा, मग ठरवा.

ओहोटी

@कासवगती, मान्य, पण विंगवाल्यालाही पृष्ठभागावर नीट राहता येतं. लोक ती गच्च फुगवतात आणि मग तोंडावर ढकलतेय म्हणून तक्रार करतात. गरजेपुरती हवा भरून किंचित मागे रेलायचं, आरामखुर्चीत बसल्यासारखं.

@दीपस्तंभ काका, वाट बघतेय. मला २३ किलोची विंग घ्यायला सांगितली होती, मी घेतली.

दीपस्तंभ

रात्रीचं आश्वासन पूर्ण करतो. लांब होईल.

बीसीडीचं काम काय? डाइव्हर हलका करणं हे नाही. डाइव्हच्या दरम्यान जे वजन *बदलतं*, तेवढंच भरून काढणं हे त्याचं काम. बदलणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: सिलिंडरमधली हवा आणि वेटसूट.

हवेला वजन असतं हे आपण विसरतो. लिटरला साधारण १.२ ग्रॅम. ११.१ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला तर त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते, म्हणजे २.७ किलो. ही हवा तू श्वासातून खर्च करतेस आणि डाइव्हच्या शेवटी तेवढी हलकी होतेस. अॅल्युमिनियमचा हा सिलिंडर भरलेला असताना पाऊण किलोच्या आसपास खाली ओढतो, रिकामा झाला की दीड-दोन किलो वर ओढतो. सेफ्टी स्टॉपला वर जाण्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

वेटसूटच्या निओप्रीनमध्ये वायूचे बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून त्यांचं आकारमान निम्मं. ३० मीटरवर दाब चौपट आणि आकारमान पाव. पृष्ठभागावर ५ किलो वर ओढणारा सूट तिथे दीड किलोही ओढत नाही.

आता बेरीज. डाइव्हच्या सुरुवातीला, सिलिंडर पूर्ण भरलेला असताना, तू थेट ३० मीटरवर पोहोचलीस असं धर. हवेचे २.७ आणि सूटने गमावलेले साधारण साडेतीन, मिळून सहा-सव्वासहा किलो. शिसं अचूक लावलं असेल तर पाण्याखाली तुला लागणारी सर्वाधिक लिफ्ट एवढीच.

दुसरी परीक्षा पृष्ठभागाची. बीसीडी अंगातून काढून पाण्यात सोडला तर सिलिंडर, प्लेट, रेग्युलेटरसकट (श्वास घ्यायच्या उपकरणासकट) तो एकटा तरंगला पाहिजे. आणि घातलेला असताना डोकं पाण्याच्या वर ठेवता आलं पाहिजे. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं आणि ते पाण्याबाहेर आलं की पाणी त्याला उचलत नाही. हे सगळं धरूनही एका सिलिंडरसाठी १३ ते १५ किलोची विंग पुरेशी होते. जाड सूट किंवा जड स्टीलचा सिलिंडर असेल तर १८. लेबलवर न्यूटन लिहिलेले असतील तर दहाने भाग, ढोबळ किलो मिळतात.

मग मोठी विंग का नको? रिकाम्या मोठ्या पिशवीला घड्या पडतात, त्यात हवा अडकून बसते आणि डम्पपर्यंत पोहोचत नाही. कडा सिलिंडरभोवती वर वळतात. आणि वर येताना जास्त हवा भरलेली असेल तर ती प्रसरण पावायला भरपूर जागा असते. शेवटच्या १० मीटरमध्ये आकारमान दुप्पट होतं, नेमकं जिथे सावकाश यायचं असतं तिथे.

ओहोटी

काका, काल कागद घेऊन बसले. माझी बेरीज १२ च्या पुढे जात नाही. घड्यांमध्ये हवा अडकण्याचा त्रास मला होतोच, मला वाटायचं माझी ट्रिम (पाण्यात आडवं राहण्याचा तोल) चुकते. सल्ला मागे घेते, प्रवाळ.

शंखनाद

एक शंका. स्टीलची प्लेट असली की शिसंच लागत नाही म्हणे? मी ३ मिमी सूट आणि स्टीलचा सिलिंडर वापरतो. वेटबेल्ट सुटला तर किती बरं होईल.

दीपस्तंभ

शंखनाद, हा विचार थांबव. मी कळकळीने सांगतोय. स्टील प्लेटचं वजन २.७ किलोच्या आसपास. स्टीलचा सिलिंडर रिकामा झाला तरी बहुधा तरंगत नाही. त्यावर तुझा पातळ सूट. समजा डाइव्हच्या सुरुवातीलाच विंग फाटली, तर तू चार-पाच किलो जड असशील आणि टाकून द्यायला अंगावर काहीच नसेल. प्लेट टाकता येत नाही, सिलिंडर टाकता येत नाही. तुला अॅल्युमिनियमची प्लेट हवी, ती किलोभराची असते. उरलेलं वजन सोडता येईल अशा जागी.

बेरजेचा हा तिसरा प्रश्न आहे आणि दुकानात तो कुणी विचारत नाही: विंग पूर्ण निकामी झाली तर फिन मारत, लागलं तर शिसं टाकून, मी वर येऊ शकेन का?

निळीवाट

मी सामानाची दुरुस्ती करतो, म्हणून कोणतं सामान किती भरवशाचं यावर माझे चार शब्द.

माझ्याकडे येणाऱ्या बीसीडींमध्ये मुख्य पिशवी फाटलेली क्वचितच असते. सगळ्यात जास्त येतात इन्फ्लेटर. मीठ सुकून व्हॉल्व्हच्या गाभ्यात बसतं, मग एक तर बटण अडकतं किंवा हवा हळूहळू आपोआप भरत राहते. दुसरा प्रकार आधी येतो, लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. "डाइव्हमध्ये सारखी हवा सोडावी लागते" असं वाटलं तर घरी होज जोडून बीसीडी रिकामा ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा.

त्यानंतर नंबर प्लास्टिकच्या बकलांचा. बोटीवर कुणाचा तरी सिलिंडर त्यावर आपटतो आणि बकल चिरतं. मग इन्फ्लेटरच्या होजचा कोपरासारखा वाकलेला सांधा, जिथे लोक बीसीडी उचलताना धरतात. होजला धरून बीसीडी उचलू नका, हात जोडून सांगतो.

विंगमध्ये एक खास दोष: प्लेट आणि सिलिंडरच्या मध्ये पिशवी चिमटून बारीक भोक पडतं. जोडताना विंग मध्यभागी आहे ना, कुठे दुमडली नाही ना, हे बोटाने चाचपून बघायचं. आतली पिशवी वेगळी आणि बाहेरचं जाड नायलॉनचं कवच वेगळं, अशी दुहेरी रचना असेल तर दुरुस्ती सोपी जाते.

दर डाइव्हनंतर बाहेरून धुता तसं आतूनही धुवा. होजच्या तोंडातून गोडं पाणी भरा, हलवा, खालच्या डम्पमधून काढा, दोनदा. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा. आत सुकलेल्या मिठाचे खडे धारदार असतात.

कासवगती

हे आतून धुणं मी पंधरा वर्षांत कधी केलं नव्हतं. आज केलं. पहिलं पाणी चाखून बघितलं, खारट. धन्यवाद निळीवाट.

ओहोटी

हार्नेसबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या मते विंगपेक्षा तोच महत्त्वाचा.

साधा हार्नेस म्हणजे दोन इंच रुंदीचा एकच अखंड पट्टा. एका खांद्यावरून निघून प्लेटमधून दुसऱ्या खांद्यावर, आणि तीच टोकं पुढे कमरेला येतात. बकल एकच, स्टीलचं. त्याला होगार्थियन म्हणतात, फ्लोरिडातले गुहा-डाइव्हर विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून. गुहेत थेट वर यायची सोय नसते, म्हणून जे तुटू शकतं ते काढून टाकायचं, हा त्यामागचा विचार. मोकळ्या समुद्रातही तो लागू पडतो.

तुझं जॅकेट वर सरकतं ना, प्रवाळ? यात दोन पायांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप असतो. कमरेचं बकल त्याच्या फासातून जातं. प्लेट वर सरकूच शकत नाही. एकदा सवय झाली की त्याशिवाय डाइव्ह करवत नाही.

पट्टे बसवायला वेळ द्या. मी पहिल्या दिवशी सूट न घालता, घरात, आरशासमोर बसवले आणि पाण्यात दोन्ही खांदे आवळले. सूट घालूनच बसवायचे. खांद्याच्या पट्ट्याखाली मूठ सैलसर सरकली पाहिजे. आवळून बांधला की हात मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही, आणि काढताना कोपर अडकतं. छातीच्या डी-रिंग (सामान अडकवायच्या कड्या) गळ्याच्या हाडाखाली साधारण तळहाताएवढ्या अंतरावर, बगलेत नाहीत. डाव्या कमरेवर एक, तिथे प्रेशर गेज अडकतं. तीन-चार डाइव्ह होईपर्यंत पट्ट्याची जादा टोकं कापू नका. मी पहिल्याच दिवशी कापली आणि जाड सूट घेतल्यावर नवा पट्टा आणावा लागला. कापल्यावर टोक आचेवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटतात.

भरतीचा मासा

माझा उजवा खांदा निखळलेला आहे. अखंड पट्ट्यातून हात काढताना जीव जातो. मग काय?

दीपस्तंभ

मग खांद्यावर बकल असलेला हार्नेस घ्या, बिनदिक्कत. तुटण्याची एक जागा वाढते, पण बोटीवर हात निघाला नाही तर त्याहून मोठी अडचण. बकल धातूचं मिळालं तर उत्तम. कुणी नियम सांगून अडवलं तर ऐकू नका.

शंखनाद

आणि साइडमाउंट?

ओहोटी

तो स्वतंत्र धागा होईल. सिलिंडर कुशीला, रचना वेगळी, शिकावंही वेगळं लागतं. पहिला बीसीडी म्हणून नको.

कासवगती

थोडा इतिहास, कारण आपण वाद घालतोय ती गोष्ट फार जुनी नाही. १९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी यांनी गळ्यात घालायची फुगवता येणारी पिशवी आणली, तिला स्वतःचा छोटा सिलिंडर असे. त्याआधीचे डाइव्हर सगळा तोल फुप्फुसांवर सांभाळत. जॅकेट आलं १९७१ मध्ये, स्क्युबाप्रोचं. मला हे आठवलं की वाटतं, त्या लोकांचं वजनाचं गणित किती चोख असेल. जास्तीचं शिसं हवेने झाकायची सोयच नव्हती.

दीपस्तंभ

कासवगती, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. प्रवाळ, तुझे ८ किलो मला खटकताहेत. काहीही विकत घेण्याआधी हे कर:

वेटसूट जाळीच्या पिशवीत घाल, पाण्यात दाबून त्यातली हवा काढ, आणि तो जेमतेम बुडेपर्यंत शिसं टाकत जा. तो आकडा लिहून ठेव. मग सिलिंडर ५० बारवर असताना, बीसीडी पूर्ण रिकामा करून, उभी राहा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धर. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की सावकाश बुडायला हवीस. भरलेल्या सिलिंडरवर करत असशील तर त्यानंतर दोन किलो वाढव, कारण २०० वरून ५० वर येईपर्यंत तेवढी हवा खर्च होते. आणि आकडे आले की इथे लिही.

प्रवाळ

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सगळं करून बघितलं.

सूट: ५ किलो, बरोबर. रेग्युलेटर पाण्यात साधारण १ किलो. सगळ्यात आश्चर्य जॅकेटचं वाटलं. पूर्ण रिकामं, दोन्ही डम्प दाबून हवा काढलेलं, तरी ते दीड किलो शिसं लावल्याशिवाय बुडेना! पाठीचे जाड पॅड आणि आतलं फोम. म्हणजे माझ्या ८ किलोंतले दीड किलो केवळ जॅकेट बुडवायला लागत होते.

ओळखीच्या एका डाइव्हरची स्टीलची प्लेट आणि १४ किलोची विंग मागून आणली. प्लेट पाण्यात सुमारे २.४ किलो खाली ओढते. ५० बारवर शिसं लागलं ४ किलो. आठाचे चार झाले. दीपस्तंभ काका, तुमचा तिसरा प्रश्न सोडवला: ३० मीटरवर, सिलिंडर भरलेला, विंग निकामी, तर मी सहा-सव्वासहा किलो जड. बेल्टवरचे चार टाकले की सव्वादोन उरतात, तेवढं फिनने उचलता येतं. म्हणून चारही किलो बेल्टवरच ठेवलेत, प्लेटवर काही बांधलं नाही. बेल्ट क्रॉच स्ट्रॅपच्या वरून, म्हणजे सोडला तर अडकत नाही, हेही करून बघितलं.

होज काढण्याचा सराव पूलमध्ये केला. पहिल्या पाच वेळा चाचपडले, नंतर बोटांना जागा कळली.

अडचण एकच: सिलिंडर किंचित खाली घसरतो, दुसऱ्या डाइव्हला.

निळीवाट

सिलिंडरचे पट्टे कोरडे असताना आवळलेस का? नायलॉन भिजलं की ताणतं. आधी पट्टे पाण्यात बुडवून घे, मग आवळ. दोन्ही पट्टे, आणि वरचा सिलिंडरच्या खांद्याच्या गोलाईवर जाणार नाही इतका खाली. आवळल्यावर सिलिंडर उभा धरून प्लेटला वर-खाली हिसका दे. अजिबात हलता कामा नये.

ओहोटी

आणि व्हॉल्व्ह मानेच्या बुडाशी येईल असं बघ. डोकं मागे नेल्यावर आपटत असेल तर सिलिंडर दोन बोटं खाली. पाय जड होऊन खाली जात असतील तर उलट, वर.

प्रवाळ

कोरडेच आवळले होते! उद्या पूल उघडा आहे, भिजवून बघते आणि कळवते.

प्रवाळ

हलला नाही. दीड तासात तीनदा पाण्यात उतरले, खूण केली होती तिथेच आहे. आज शेवटी ५० बारवर, ३ मीटर खोलीला, विंग रिकामी करून तीन मिनिटं एका जागी राहिले, हात न हलवता. श्वास घेतला की थोडी वर, सोडला की थोडी खाली.